चौथी विहीर

“काय आयकलंस ता सांग!”

अकरा वर्षं झाली, हा आवाज माझ्या कानातली जागा सोडत नाही. बाजारात माठ घेताना मी बोटाच्या पेरानं तो वाजवून बघते, आणि माठाच्या पोटातून मेस्त्रीकाका विचारतात. कलिंगडाला टिचकी मारते, तिथंही तेच. आवाज गोल, भरदार, आणि गरजेपेक्षा चार माणसं लांब जाईल एवढा मोठा. ते आता आचऱ्याला असतात. फोन घेत नाहीत. मी पत्र लिहिते, ते उत्तर पाठवतात, आणि उत्तरातही शेवटी हाच प्रश्न असतो.

पहिल्यांदा हा आवाज मी ऐकला तो विहिरीत. पाण्याच्या नव्हे. पाणबुडीच्या पाठीत क्षेपणास्त्रं उभी ठेवायला जे पोलादी नळे असतात, त्यांना आमच्या गोदीत सगळे विहिरीच म्हणायचे. तोंडावर झाकण, उतरायला दोरांवरचा पाळणा, तळाशी अंधार. दुसरं काय म्हणणार?

गोदी देशाच्या दुसऱ्या किनाऱ्यावर होती. आम्ही कोकणातली माणसं, सूर्य समुद्रात बुडताना बघत वाढलेली. इथं तो समुद्रातून वर यायचा. पहिले सहा महिने मला सकाळ झाली की संध्याकाळच वाटायची.

अणुशक्तीवर चालणाऱ्या दोन पाणबुड्या तिथं शेजारशेजारच्या छपरांखाली उभ्या होत्या. कागदावर त्यांना नुसते नंबर. आम्ही आधीच्या बोटीला थोरली म्हणायचो, मागून बांधलेलीला धाकटी. धाकटीला जन्मापासूनच लांब पल्ल्याची, जाडजूड क्षेपणास्त्रं मिळणार होती. थोरलीची जुनी होती, बारीक आणि जवळच्या पल्ल्याची. मग वरून ठरलं, दोघी लेकींच्या अंगावर सारखेच दागिने हवेत. थोरलीलाही नवी द्यायची.

विहीर तेवढीच, अस्त्र मात्र जाड. म्हणून विहिरींच्या आतल्या भिंतीवरच्या जुन्या रबरी गाद्या खरवडून काढल्या आणि पातळ नव्या चिकटवल्या. एकेका विहिरीत एकशे ब्याण्णव. पाणबुडी कितीही डुलली तरी अस्त्राला धक्का लागू नये, एवढंच त्यांचं काम. पण त्यातली एखादी नीट चिकटलेली नसेल, तर अस्त्र वर सुटताना ती सोलून निघणार आणि त्यालाच धरून बसणार. मग अडकलेलं अस्त्र वर, आणि शंभर माणसं खाली.

रबरामागं चिकटलंय की पोकळ आहे, हे आमच्या यंत्राला धड कळत नसे. म्हणून रीत जुनीच होती. लाकडी हातोडीनं एकेक गादी ठोकायची आणि ऐकायचं. घट्ट असेल तर आवाज आखूड येतो, ‘ठक’. पोकळ असेल तर ठोक्यामागं एक श्वास रेंगाळतो. सगळं झालं की तक्त्याच्या तळाशी एक चौकट भरायची: ऐकणाऱ्याची सही. ही सही करायचा अधिकार अख्ख्या गोदीत एकाच माणसाला होता. भिवाजी मेस्त्री. लहानपणी फणस ठोकून पिकला की नाही ते सांगायचे, म्हणे, तेव्हापासूनचा कान. निवृत्तीला नऊ दिवस उरले होते.

मी केतकी तेरसे, कुडाळची, त्यांची सहायक. दीड वर्ष त्यांच्या समोर पाळण्यात बसून नोंदी करत होते.

दीड वर्ष मी त्यांच्यावर वैतागलेही होते. ते ठोकायचे, आणि मग स्वतः काही बोलायचे नाहीत. मला विचारायचे, “काय आयकलंस ता सांग!” मी सांगायचे, “घट्ट.” ते मान हलवायचे, मग पुढची गादी. एकशे ब्याण्णव वेळा परीक्षा! वर बॅटरीचा झोत भिंतीवर धरायचा सोडून माझ्या तोंडावर.

“काका, डोळे दिपतात माझे.”

“नोंद करणाऱ्याचा तोंड दिसूक व्हया,” ते म्हणायचे. “त्याशिवाय शिकतलंस कशी?”

पण कान तयार झाला माझा, हे खरं. पहिल्या विहिरीत सहा पोकळ निघाल्या, दुसरीत दोन, तिसरीत चार. प्रत्येक वेळी मी “पोकळ” म्हटलं की त्यांचा चेहरा उजळायचा, जणू मी त्यांना काही आणून दिलं होतं.

*

मंगळवारी चौथी विहीर होती. शेवटची.

ठोकणी म्हणजे अख्ख्या छपराखालचं काम बंद. लाल बावटा वर गेला की ग्राइंडर थांबायचे, वेल्डिंग थांबायचं, क्रेन जागच्या जागी उभी राहायची. दोनशे माणसं हात बांधून आमच्याकडं बघत बसायची. मी आणि काका पाळण्यातून खाली.

शुक्रवारी पौर्णिमा होती. उधाणाच्या भरतीला गोदीचा दरवाजा उघडून थोरलीला पाण्यात घ्यायचं ठरलं होतं. ती भरती हुकली की अमावास्येपर्यंत पंधरा दिवस थांबा. आणि शुक्रवारीच संध्याकाळी माझी गाडी होती. आठ महिन्यांनी घरी. माझी जाई साडेतीन वर्षांची, आईकडं कुडाळला ठेवलेली. नवरा मालवाहू बोटीवर. आदल्या रविवारी फोनवर आईनं तिला विचारलं, कुणाशी बोलतेस गं? तर ती म्हणाली, “फोनातली आई.” म्हणजे तिच्या लेखी दुसरी कुणी घरातली आई होती. रजा मंजूर होती, पण एका ओळीसकट: चौथ्या विहिरीच्या सहीनंतर.

ठक. “घट्ट.” ठक. “घट्ट.” पहिली ओळ, दुसरी ओळ. घाम मानेवरून पाठीत. सहावी ओळ, सातवी. वर कुणीतरी खोकलं. मी डोळे मिटून उघडले. “घट्ट,” मी म्हटलं. काकांनी बॅटरी जरा वेळ माझ्या तोंडावर धरली. मग पुढं.

बाराव्या ओळीची शेवटची गादी झाली. मी तक्ता आणि पेन पुढं केलं.

काकांनी पेन घेतलं, टोपण काढलं, टोपण लावलं, आणि खिशात ठेवून दिलं. माझं पेन.

“उद्या परत ठोकूया,” ते म्हणाले.

“काय?”

“परत.”

“अहो, पण एकशे ब्याण्णव घट्ट आहेत!”

“ता तू म्हणतंस.”

वर आलो तर कमांडर सपकाळ उभे. नौदलाकडून थोरली ताब्यात घ्यायची जबाबदारी त्यांची. साताऱ्याकडचे, मिशी नीट, जिभेवर कायम थोडी मिरची.

“झालं? सही?”

“उद्या परत ठोकायची म्हणतात.”

“का?”

मी काकांकडं पाहिलं. काका वर लोंबणाऱ्या क्रेनच्या आकड्याकडं पाहत होते, जणू तो आजच उगवला होता.

“मेस्त्री,” कमांडर त्यांच्यासमोर जाऊन म्हणाले, “काही राहिलंय का? नारळ फोडायचाय? हळदीकुंकू करायचंय विहिरीला?”

“नाय साहेब. मन घेणा नाय.”

“मन! मनाची चौकट नाहीये हो तक्त्यात.” ते माझ्याकडं वळले. “मॅडम, हे अस्त्र कधी सुटू नये म्हणूनच आपण ते ठेवतो. तुमच्या काकांना सांगा, निदान आम्हाला तरी सुटू द्या.”

दोनशे माणसं हसली. ग्राइंडर सुरू झाले.

*

बुधवारी पुन्हा लाल बावटा. पुन्हा दोनशे माणसांचे हात बांधलेले, पण आज चेहऱ्यांवर हसू नव्हतं. एक वेल्डर मला ऐकू जाईल असं म्हणाला, “चला, पूजेला बसा.”

आज काका फारच हळू ठोकत होते. एकेका गादीला तीन तीन ठोके. आणि ठोका मारताना भिंतीकडं पाहायचं सोडून माझ्याकडं पाहायचे. मला ते असह्य झालं. मी खोटं खोटं खाली वहीत बघत “घट्ट, घट्ट” म्हणायला लागले, तर त्यांनी हातोडीच्या दांड्यानं माझी हनुवटी वर केली.

“वर बग. वर बगून सांग.”

“काका, मी काय लहान मूल आहे?”

“काय आयकलंस ता सांग!”

“घट्ट! घट्ट! घट्ट! लिहून देऊ का?”

दुपारी दोन वाजता एकशे ब्याण्णव पूर्ण. पेन पुन्हा त्यांच्या खिशात.

उपाहारगृहात आईला फोन लावला. जाई दुपारची झोपत होती. आई तिच्या पाठीवर थोपटत स्वतः जुळवलेली ओवी म्हणत होती. आईला कशावरही ओवी सुचते, कालच कुंभार येऊन गेला असणार.

“वाजवून घे गं बाई, कुंभाराच्या दारी घडा,
वरून साजिरा दिसे, पोटी कुणा ठावा तडा...”

“आई, दुसरं काहीतरी म्हण ना तिला.”

“का गं? छान आहे की. शुक्रवारी निघतेस ना? जाईला सांगितलंय मी. ती दारात बसणार म्हणते.”

“निघते,” मी म्हटलं आणि फोन ठेवला.

काका समोर बशीत चहा ओतत होते. एक बशी माझ्याकडं सरकवली.

“चाय घे. चेडू कसा आसा, तुझी जाई?”

“काका, मला एक कारण सांगा. एक. कुठली गादी, कुठली ओळ, कसली शंका. मी त्यांना काहीतरी सांगू शकेन.”

“माका बरा वाटणा नाय.”

“हे कारण नाही!”

“मगे नाय तर नाय.”

मी उठले. खिडकीशी गेले, त्यांच्याकडं पाठ करून. बाहेर धाकटीच्या छपरावर कावळे बसले होते. आणि मी बोलले. दीड वर्षाचं साचलेलं सगळं बोलले. तुम्हाला जायचं नाहीये, म्हणून ही नाटकं. नऊ दिवसांनी तुम्हाला कुणी विचारणार नाही, म्हणून आज सगळ्यांना ताटकळत ठेवताय. माझी पोर मला ओळखत नाही, आणि तुम्हाला तुमचा मोठेपणा मिरवायचाय. म्हातारपणी माणसं अशीच होतात, दुसऱ्याच्या जिवावर उठतात.

बोलून झाल्यावर मी वळले.

ते शांतपणे चहा फुंकत होते. चेहऱ्यावर एक रेघ हललेली नव्हती.

“थंड झालो बग तुझो,” बशीकडं बोट करून ते म्हणाले.

असा संताप आला की बशी तशीच ठेवून मी निघाले. एवढं बोलूनही ज्याला काही लागत नाही, तो माणूस आहे की पोलाद, असं मनाशी म्हणत सबंध गोदी पायी पार केली.

*

गुरुवारी सकाळी कमांडरांनी आम्हा दोघांना त्यांच्या खोलीत बोलावलं. मोठं टेबल, भिंतीवर थोरलीचा आडवा छेद काढलेलं चित्र, त्यात चार विहिरी चार बोटांसारख्या. टेबलावर चौथीचा तक्ता.

“मॅडम, बसा. मेस्त्री, तुम्हीही बसा.” आज मिरची नव्हती, आवाज मऊ होता, आणि ते जास्त वाईट होतं. “मी रात्रीच नियमावली काढून बसलो होतो. कलम सापडलंय. ऐकणारा सही करण्यास असमर्थ असेल, तर किमान एक वर्ष त्याच्यासोबत काम केलेला सहायक सही करू शकतो. तुम्हाला दीड वर्ष झालंय.”

त्यांनी तक्ता माझ्याकडं फिरवला. सोबत स्वतःचं पेन.

“दोनदा ठोकलंत. दोन्ही वेळा तुम्ही एकशे ब्याण्णव घट्ट लिहिलंय. अक्षर तुमचं. सही तेवढी करा. उद्या बोट पाण्यात, तुम्ही गाडीत. मेस्त्रींचा मानही राहतो. कुणीच काही मोडलं नाही.”

सोपं होतं. इतकं सोपं की मला एकदम तहान लागली.

पेन जड होतं, नौदलाचं चिन्ह असलेलं. मी ते उचललं. दारात बसलेली जाई दिसली, गुडघ्यांवर हनुवटी ठेवून. तक्त्यातल्या चौकटी दिसल्या, बारा ओळी, प्रत्येकीत सोळा. माझ्याच अक्षरातलं ‘घट्ट’, ‘घट्ट’, ‘घट्ट’, पावसानंतरच्या मुंग्यांसारखं एकामागून एक.

“सही घालू नको,” काका म्हणाले.

“मेस्त्री, आता तुम्ही मध्ये—”

“साहेब, असमर्थ असा म्हणालात मां तुम्ही? तुमच्या ओठांवर तोच शब्द दिसलो माका.” ते उभे राहिले. टोपी काढून टेबलावर ठेवली. दीड वर्षात मी त्यांच्या तोंडून मालवणीशिवाय काही ऐकलं नव्हतं. त्या दिवशी ते शाळेत धडा म्हणून दाखवावा तसं, एकेक शब्द सुटा करून बोलले. “साहेब, मला ऐकू येत नाही.”

 

“म्हणजे?”

“डावा कान चार वर्षांमागं गेला. उजवा दोन वर्षांमागं. एकतीस वर्षं ग्राइंडरशेजारी काढली, साहेब. दर वर्षी तपासणी होते, तेव्हा डॉक्टरांचा हात समोरच्या काचेत दिसतो. हात हलला की मी बोट वर करतो. जाड गाद्या होत्या तोवर हातोडीच्या दांड्यातून तळव्याला कळायचं. या पातळ गाद्यांना हातही फसतो.”

कमांडर खुर्चीतून अर्धे उठले होते, तसेच राहिले. “पहिल्या तीन विहिरींवर तुमची सही आहे!”

“आहे.”

“न ऐकता केलीत?”

“ऐकून केली.” त्यांनी माझ्याकडं हात केला. “हिच्या कानांनी. मी ठोकायचो आणि हिच्या तोंडाकडं बघायचो. बारा पोकळ हिनं पकडल्या. उचकटून बघितल्या, बाराही पोकळ निघाल्या. हिचा कान माझ्या जवानीतल्या कानाइतका आहे. काय शिक्षा द्यायची ती द्या मला, पण त्या तीन विहिरी खऱ्या आहेत.”

म्हणजे तो झोत, ती परीक्षा, ती हनुवटीवरची हातोडी. आणि काल खिडकीशी माझी पाठ. माझा चेहरा तापला. एवढं बोलले होते मी, आणि त्यातला एक शब्दही त्यांच्यापर्यंत पोचला नव्हता. त्यांना चहा थंड झालेला तेवढा दिसला होता.

“मग चौथीचं काय?” कमांडरांचा आवाज चढला. “तिथंही तिनंच ऐकलंय. तिथं का अडलात?”

काका माझ्याकडं वळले, आणि पुन्हा आपल्या बोलीत आले.

“चेडवा, तीन विहिरींत तू माका एकदाव खोटा सांगूक नाय. मंगळवारी चवथ्या विहिरीत खय तरी तू डोळे मिटलंस. उघडलंस तेव्हा तुझा तोंड येगळा होता. खय, ता माका समाजला नाय. एकशे ब्याण्णवातली एक. काल परत ठोकून बगलंय, तर तू सगळीकडे तसाच तोंड करून बसलंस.” त्यांचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला होता. “तुका खोटी म्हणाचा, तर माका सांगूक व्हया होता की मी स्वता आयकूक नाय. तीन दिवस ताच सांगूक माझी छाती होईना. आता सांगलंय. माझा झाला.”

ते खाली बसले. टोपी टेबलावरच राहिली.

कमांडर माझ्याकडं पाहत होते. पेन अजून माझ्या हातात होतं, टोकावर शाईचा थेंब जमलेला. वाटलं, अजूनही म्हणता येईल. म्हाताऱ्याला ऐकू येत नाही, आता दिसतही नाही म्हणावं. कमांडरांना तेच हवं होतं. मंगळवारपासून मी स्वतःला तेच सांगत होते की हे अस्त्र कधी सुटणारच नाही. शंभर माणसं खाली जातील आणि तशीच वर येतील, कुणाला काही कळायचं नाही. दारातली जाई गुडघ्यांवरची हनुवटी काढून आत कुणाला तरी विचारत होती, आली का?

काका पुढं झुकले. या वेळी ओरडले नाहीत. इतक्या हळू विचारलं की त्यांचं त्यांनाही ऐकू आलं नसेल.

“काय आयकलंस ता सांग.”

मी पेन खाली ठेवलं. तोंड वर केलं, त्यांना ओठ नीट दिसतील असं.

“सातवी ओळ, तिसरी गादी,” मी म्हटलं. “पोकळ आहे, काका. मंगळवारीच ऐकलं होतं.”